चिमटीतली खुंटी

गोल्फचा चेंडू पहिल्या फटक्यासाठी जमिनीपासून जरा उचलून ठेवतात. त्यासाठी जी लहानशी खुंटी मातीत रोवतात तिला ‘टी’ म्हणतात. मराठीत हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चहा येतो, म्हणून आमच्या घरात तिला खुंटीच म्हणायचे. लांबी साधारण पावणेतीन इंच, वर वाटीसारखं डोकं, खाली अणकुचीदार टोक. नियमाप्रमाणे ती चार इंचांहून लांब चालत नाही. अठरा होलांच्या एका फेरीत काही खुंट्या मोडतात, काही उडून गवतात हरवतात, म्हणून खेळणाऱ्याजवळ मूठभर तरी असाव्या लागतात. त्या कशात ठेवायच्या, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. पँटला खिसा असतोच.

बाबांना तो प्रश्न पडला तेव्हा ते अडुसष्ट वर्षांचे होते आणि त्यांना कंपवात होऊन दोन वर्षं झाली होती. मूळचे ते मिरजेचे. चेन्नईला, म्हणजे तेव्हाच्या मद्रासला, नोकरीसाठी आले आणि पुढे गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याच्या कामाचा स्वतःचा छोटा कारखाना काढून इथलेच झाले. गोल्फ ते पन्नाशीनंतर शिकले. या शहरात गोल्फ जुनं आहे. गिंडीला रेसकोर्सच्या आतल्या हिरवळीवर जिमखाना क्लबचं गोल्फ इंग्रजांच्या काळापासून चालत आलं, आणि नंदनमला कॉस्मोपॉलिटन क्लबचं मैदान आहे. पण बाबांना त्या इतिहासाचं काही नव्हतं. एका गिऱ्हाइकानं पाहुणा म्हणून नेलं आणि ते अडकले, एवढंच.

कंपवाताची एक गंमत आहे. गंमत म्हणायला जड जातं, पण बाबाच तसं म्हणत. हात स्वस्थ असला की थरथरतो आणि कामाला लागला की थरथर कमी होते. त्यामुळे त्यांचा फटका बराच काळ शाबूत राहिला. काठी उचलायची, अंग वळवायचं, झोकात खाली आणायची, हे सगळं शरीराच्या मोठ्या हालचालींत बसतं. अडायचं ते त्याआधी. खिशात हात घालायचा, बोटांनी चाचपून एकच खुंटी निवडायची, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून बाहेर काढायची. शर्टाचं बटण लावणं, सुटे पैसे मोजणं आणि हे, तिन्ही कामं एकाच जातीची. हात खिशात अडकून राही, बाहेर आला की पाच खुंट्या एकदम सांडत. मागे उभे असलेले चौघं आपापल्या बुटांकडे बघत बसत.

त्या दुखण्यातल्या थरथरीला डॉक्टरांच्या भाषेत गोळी वळण्याची उपमा आहे. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर अशी फिरत राहतात की माणूस न दिसणारी गोळी वळतो आहे असं वाटावं. आणि खुंटी येण्यापूर्वी गोल्फमध्ये बोटांची अगदी हीच हालचाल लागत होती. तेव्हा सुरुवातीच्या जागेवर ओल्या वाळूची पेटी ठेवलेली असे. त्यातली चिमूटभर वाळू घेऊन, दाबून, इवलासा शंकू करायचा आणि त्यावर चेंडू ठेवायचा. त्या जागेला आजही ‘टी बॉक्स’ म्हणतात ते त्या पेटीमुळे. शंकू बहुधा कॅडी करी. साहेबाच्या बोटांना वाळू लागत नसे.

लाकडी खुंटीचं अमेरिकेतलं पहिलं पेटंट 12 डिसेंबर 1899 रोजी बोस्टनच्या जॉर्ज फ्रँकलिन ग्रँट यांना मिळालं. ते दंतवैद्य होते आणि हार्वर्डमध्ये शिकवणारे पहिले कृष्णवर्णीय अध्यापक. त्यांनी ती खुंटी विकायच्या फंदात न पडता मित्रांत वाटली. बाजारात आणली ती विल्यम लोवेल यांनी, 1920च्या दशकात, लाल रंगाची म्हणून ‘रेडी टी’ या नावानं. लोवेल हेही दंतवैद्यच. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “बरोबर आहे. ज्याला रोज हिरडीत खुंटी रोवायची सवय, त्यालाच ही सुचणार.” अमेरिकेच्या गोल्फ संघटनेनं ग्रँट यांच्या कामाची दखल घेतली ती 1991मध्ये. ते वर्ष पुढे पुन्हा येईल.

मी बाबांसाठी खुंट्यांची एक तयार डबी आणली. चपटी, प्लॅस्टिकची, पट्ट्याला अडकवायची. आत दहा खुंट्या चापात घट्ट बसलेल्या. बाबांनी एक ओढून पाहिली. चाप सुटेना, सुटला तेव्हा खुंटी टेबलाखाली गेली. “अगं, ही धडधाकट माणसासाठी आहे,” ते म्हणाले, “आणि धडधाकट माणसाला खिसा पुरतो.” मग त्यांनी टेलिफोनच्या वहीच्या मागे आकृत्या काढायला सुरुवात केली.

अडचण आकारात होती. आगपेटीच्या काड्या किंवा स्टेपलरच्या पिना एकीमागे एक लागतात, कारण त्या सगळीकडे जवळपास सारख्या जाडीच्या. खुंटीचं डोकं शरीराच्या दुप्पट रुंद. नळीत भरल्या की डोकी एकमेकांच्या मानेत अडकतात आणि तोंडाशी कोंडी होते. आलटून पालटून उलटसुलट ठेवल्या तर जागा वाचते, पण मग दर दुसरी खुंटी टोकाकडून हातात येते. बाबा चार दिवस यावर बसले. पाचव्या दिवशी त्यांनी मान वर करून दिवाणखान्याच्या खिडकीकडे पाहिलं आणि मला पॅरीज कॉर्नरला पिटाळलं.

पॅरीज कॉर्नरच्या हार्डवेअरच्या गल्ल्यांतून मी पडद्याच्या चॅनलचा तुकडा आणला: अ‍ॅल्युमिनियमची पोकळ पट्टी, खालच्या बाजूला लांबभर फट. पडद्याच्या आकड्यांची डोकी जशी आत राहतात आणि आकडे खाली लोंबतात, तशा खुंट्या त्यात लोंबू लागल्या. नऊ इंचांत अठरा बसल्या. तोंडाशी सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावला, म्हणजे आपोआप कोणी पडू नये. मागून ढकलायला स्प्रिंग घातली. खुंटी चिमटीत धरायची गरज उरली नाही. सगळी मूठ त्या लोंबत्या दांडीभोवती वळवायची आणि खाली ओढायची. मूठ त्यांना वळत होती.

पहिल्या रविवारीच स्प्रिंग घामानं आणि वाळूनं चिकटली. बाबांची बॅग उचलणारा कॅडी पंचविशीतला असेल. बाबा त्याला तंबी म्हणत. तमिळमध्ये तंबी म्हणजे धाकटा भाऊ. मिरजेहून आलेल्या आत्याला ते कळेना. मराठीत तंबी देतात, तिला बोलावत नाहीत. तर या तंबीची आणि बाबांची त्या महिन्यांत धुसफूस चालू होती. सांडलेल्या खुंट्या बघवेनात म्हणून तो न विचारता खुंटी रोवून, वर चेंडू ठेवून बाजूला होई. बाबांना ते सहन होत नसे. ते चेंडू उचलत आणि पुन्हा स्वतः ठेवत, कितीही वेळ लागो.

त्या रविवारी तंबीनं चॅनल हातात घेतला, उलटसुलट पाहिला, स्प्रिंग काढून बाबांच्या हातावर ठेवली आणि चॅनल बॅगेला तिरका बांधला, तोंड खाली. खुंट्या स्वतःच्या वजनानं पुढे सरकू लागल्या. “सार, बघावं लागता कामा नये,” तो म्हणाला आणि त्यानं आपल्या आजीच्या सुरुक्कुपैचं उदाहरण दिलं. सुरुक्कुपै म्हणजे दोरी ओढून तोंड मिटणारी कापडी पिशवी. तमिळ म्हाताऱ्या ती कमरेला खोचतात. सुपारी, चुना, नाणी, देवळातली विभूती, सगळं त्यात. आजीला दिसत नाही, पण हात घातला की मागितलेली वस्तूच बाहेर येते.

माझ्या आजीची चंची तशीच होती. पानाचा कप्पा वेगळा, सुपारीचा वेगळा, कात आणि चुन्याच्या डबीचा वेगळा. गप्पा मारता मारता, खाली न बघता विडा तयार. या म्हाताऱ्यांनी कोणाकडे मागायची वेळ येऊ नये म्हणूनच ती कमरेला ठेवलेली. बाबांचा नऊ इंचांचा चॅनल मला त्याच घराण्यातला वाटतो. खुंटी देणारे हात आजूबाजूला भरपूर होते. त्यांना ती कोणाच्या हातून नको होती.

मात्र यात तंबीची बाजूही आहे, आणि बाबांना ती कळत होती. खुंटी देणं हे कॅडीच्या हातातलं सर्वांत जुनं काम. त्या हातांना खेळ येत नाही असं कोणी समजू नये. दिल्लीच्या मैदानावर कॅडी असलेले अली शेर 1991मध्ये इंडियन ओपन जिंकले आणि 1993मध्ये पुन्हा. बंगळूरचे सी. मुनियप्पा, तेही पूर्वी कॅडी, 2009मध्ये जिंकले. आमचा तंबीही सोमवारी, क्लब सदस्यांसाठी बंद असताना, मागून आणलेल्या काठ्यांनी खेळे. बाबा म्हणत, त्याचा फटका माझ्यापेक्षा चाळीस यार्ड पुढे जातो. चॅनल तिरका बांधल्यापासून त्यानं चेंडू ठेवायचं सोडलं. तो बॅग फक्त योग्य उंचीवर धरून उभा राही, आणि बाबा मूठ वळवत. दोघांनाही ते जमलं.

फेरी संपली की उरलेल्या खुंट्या मोजायची बाबांना सवय लागली. फटक्यानंतर सापडलेल्या आणि धड असलेल्या खुंट्या तंबी पुन्हा चॅनलमध्ये सरकवी. घरी आल्यावर बाबा स्कोअर सांगत नसत. “आज अकरा परत आल्या,” एवढंच. त्यावरून आईला दिवस कसा गेला ते कळे.

हे दीड वर्ष चाललं. मग चालणं मंदावलं, आणि मे महिन्यातल्या अग्निनक्षत्राच्या दिवसांत डॉक्टरांनी मैदान बंद केलं. बाबांनी वाद घातला नाही. शेवटच्या फेरीत ते नवव्या होलनंतर थांबले. चौदा खुंट्या उरल्या होत्या. त्यांनी चॅनल बॅगेवरून सोडवायला सांगितला आणि खुंट्यांसकट तंबीपुढे धरला.

तंबीनं चौदाही खुंट्या ओढून शर्टाच्या खिशात टाकल्या, एक कानामागे खोचली आणि रिकामा चॅनल परत केला.

“हा कशाला, सार? मला बोटं आहेत.”

गाडीत बसल्यावर बाबांनी ते वाक्य मला तमिळमध्ये सांगितलं, घरी आल्यावर आईला मराठीत, आणि रात्री फोनवर आत्याला. प्रत्येक वेळी ते हसले.