धुक्यातली नर्मदा

लग्नाला एकोणतीस वर्षे झाली, तरी फक्त दोघांनी मिळून कुठे जाणे इंदूरच्या त्या घरात घडले नव्हते. आधी सासू-सासरे होते, मग मुले लहान होती, मग मुलांच्या परीक्षा होत्या. दोन वर्षांपूर्वी थोरली लग्न होऊन बडोद्याला गेली, धाकटा नोकरीसाठी बंगळूरला, आणि घर एकदम मोठे वाटू लागले. तेव्हा गेल्या श्रावणात एका रविवारी त्याने आपणहून म्हटले, "चल, मांडूला जाऊन येऊ. सकाळी निघायचं, रात्री परत." तिला इतके आश्चर्य वाटले की तिने कारणही विचारले नाही.

मांडू इंदूरहून सुमारे १०० किलोमीटर. माळव्याच्या पठाराचे शेवटचे टोक, समुद्रसपाटीपासून ६०० मीटरहून थोडे उंच. त्याच्या पलीकडे जमीन एकदम कोसळते आणि खाली निमाडचे मैदान सुरू होते. इंदूरच्या मराठी घरांत पावसाळ्यात मांडूला जाणे हा जणू कुळाचारच. धारला पवारांचे राज्य होते, मांडूही त्यातच मोडत असे. त्यामुळे तिथल्या हिरव्या डोंगराबद्दल आपलेपणा वाटायला फारसे निमित्त लागत नाही. मात्र आजवर ती मंडळी गेली ती दोन गाड्या, दहा माणसे आणि पुऱ्यांचे डबे घेऊन. त्या धांदलीत कुणी काय पाहिले, देव जाणे!

सहाला निघून कोपऱ्यावरचे पोहे-जिलबी खाऊन (हे केल्याशिवाय इंदूरचा माणूस शहराची हद्द ओलांडत नाही) ते धारच्या रस्त्याला लागले. तो गाडी फार सावकाश चालवत होता. मागून ट्रकवाले भोंगे वाजवत होते, तरी हा आपला शांत. एरवी प्रत्येक गाडीला मागे टाकल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. 'आज कसे निवांत आहेत,' असे तिच्या मनात आले आणि तिला बरे वाटले.

मांडूच्या दरवाजांच्या आधी रस्त्यालगत काकडा खोह लागते. पावसाळ्यात या दरीच्या कड्यावरून पाण्याच्या धारा कोसळतात आणि माणसे कठड्याला टेकून खाली वाकून बघतात. तिनेही बघितले. तो मात्र भुट्टेवाल्याच्या शेगडीशी उभा राहिला. "तू बघ, मी भुट्टे भाजून घेतो," म्हणाला. लिंबू-मीठ चोळलेले कोवळे कणीस हातात घेऊन ती कितीतरी वेळ पाण्याकडे बघत होती.

आत शिरल्यावर जहाज महाल झाला. दोन तलावांच्या मधोमध उभी १२० मीटर लांबीची ती वास्तू पावसाळ्यात खरोखरच तरंगणाऱ्या जहाजासारखी दिसते. गर्दी इतकी होती की दोघे तिथे फार रेंगाळले नाहीत. बाहेर एक म्हातारी टोपलीत मांडूची इमली घेऊन बसली होती. ही आपली चिंच नव्हे. हिला खुरासानी इमली किंवा गोरखचिंच म्हणतात. झाड मूळचे आफ्रिकेचे, खोड हत्तीसारखे अवाढव्य. मांडूत ही झाडे शतकानुशतके उभी आहेत. फळाची कवटी फोडली की आत पांढरा, कोरडा, आंबटगोड गर निघतो. तो तोंडात विरघळवत बसायचे. तिने लगेच दोन फळे घेतली. एक मुलीसाठी.

पण दिवसभरातले खरे जेवण म्हणजे दाल-पानिया. एका झोपडीवजा खानावळीत चुलीबाहेर गोवऱ्यांचा विस्तव फुलला होता. मक्याचे पीठ मोहन घालून घट्ट मळायचे, त्याची चपटी वडी पळसाच्या दोन पानांत दाबायची आणि ती विस्तवात भाजायची. पाने करपतात, पण आतल्या वडीला त्यांची नक्षी आणि एक धुरकट वास देऊन जातात. मग करपलेले पान सोलायचे, पानिया कुस्करायचा, वर तूप आणि झणझणीत डाळ. बरोबर कांदा आणि लसणीची चटणी. आपल्या बाटीची ही रानातली बहीण म्हणायला हरकत नाही, पण मक्याचा गोडवा तिला बाटीपेक्षा वरचढ करतो. भिल्ल-भिलाला घरांतला हा पदार्थ आता इंदूरच्या लग्नांतही दिसतो, फक्त तिथे तो विस्तवाचा वास नसतो.

जेवताना तिला हसू फुटले. "अहो, पान खाताय तुम्ही! सोललं नाहीत का?"

तो क्षणभर थांबला. मग तोंडातला काळा तुकडा काढत म्हणाला, "गप्पांच्या नादात राहिलं." पण गप्पा अशा चाललेल्या नव्हत्या.

दुपारी दोनच्या सुमारास त्यांनी गाडी रेवा कुंडाजवळ लावली आणि रूपमतीच्या मंडपाकडे चढ चालू केला. वाट रुंद आहे, पण चांगला दम लागतो. एकोणतीस वर्षे तो नेहमी तिच्या पुढे दहा पावले चालत आला. "अहो, थांबा की," हे वाक्य तिने चौपाटीपासून चारधामपर्यंत सगळीकडे म्हटले होते. आज तो मागे होता. पायऱ्यांवर त्याने भिंतीचा आधार घेतला. 'वय झालं,' तिने स्वतःशीच म्हटले.

हा मंडप मुळात सैन्याच्या टेहळणीसाठी बांधलेला. पुढे त्याला रूपमतीचे नाव चिकटले. मांडूचा शेवटचा सुलतान बाजबहादूर याची ही राणी नर्मदेचे दर्शन घेतल्याशिवाय अन्न घेत नसे, अशी कथा सांगतात. १५६१ मध्ये अकबराचे सैन्य आले, बाजबहादूर पळाला आणि रूपमतीने विष घेतले. गच्चीवर दोन छत्र्या आहेत. तिथून हवा स्वच्छ असेल तर दूर मैदानात नर्मदा रुपेरी रेघेसारखी दिसते.

त्या दिवशी हवा स्वच्छ नव्हती. दरीतून ढग वर आले होते, कड्याखालचे झाडसुद्धा दिसत नव्हते. समोर सगळीकडे पांढरेच पांढरे. तिने सहज विचारले, "दिसते का हो नर्मदा?"

"दिसतेय की," तो म्हणाला. "ती काय, समोर."

शेजारी उभा असलेला गाईड हसला. "आज नहीं दिखेगी साहब. बादल हैं."

तो काही बोलला नाही. तीही बोलली नाही. गाईड आपली माणसे घेऊन खाली उतरल्यावर तिने समोरच्या छत्रीकडे बोट केले. तिथे कॉलेजातली चार मुले फोटो काढत होती, त्यांतल्या एकाचा रेनकोट भडक पिवळा होता. "त्या छत्रीत किती माणसं आहेत, सांगा बरं."

बराच वेळ गेला. मग त्याने हळूच विचारले, "माणसं आहेत तिथे?"

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. उजव्यात जास्त. वर्षभरात दोनदा चष्म्याचा नंबर बदलला होता, हे तिला माहीत होते. तिसऱ्यांदा डॉक्टरांनी चष्मा न देता शस्त्रक्रिया सांगितली, हे माहीत नव्हते. त्याला सात महिने झाले होते.

"सांगितलं का नाहीत?"

कारण होते. त्याच्या वडिलांचा मोतीबिंदू पन्नास वर्षांपूर्वी काढला होता. तेव्हा मोठी चीर घेत, टाके घालत, दिवसचे दिवस हलू न देता निजवून ठेवत. वडिलांच्या डोळ्यात पू झाला आणि तो डोळा गेला. दुसऱ्यावर सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा लावून त्यांनी उरलेली वर्षे काढली. आठ वर्षांच्या मुलाने त्यांचा हात धरून त्यांना देवळात नेले होते. आता चीर दोन-तीन मिलिमीटरची असते, आत घडीचे भिंग बसवतात आणि माणूस त्याच दिवशी घरी येतो, हे डॉक्टरांनी त्याला समजावून सांगितले होते. पण आठ वर्षांच्या मुलाला ते कोण समजावणार?

तिला मात्र दुसरेच काही लागले. गेले कित्येक महिने सकाळच्या चहाबरोबर ती त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवत होती. "तू वाच गं, तुझ्या आवाजात बरं वाटतं," असे तो म्हणाला होता. मुले गेल्यानंतर घरात ती एकच नवी, गोड गोष्ट सुरू झाली होती. फोनवर तिने ती बहिणीलाही सांगितली होती, थोडे मिरवूनच.

"म्हणजे तो पेपर..." ती म्हणाली आणि तिला पुढे बोलवेना.

"आधी डोळ्यांमुळेच," तो म्हणाला. "खोटं कशाला सांगू? पण नंतर आवडायला लागलं."

यावर रागवावे की नाही, हे तिला ठरवता आले नाही. ढग छत्र्यांमधून वाहत होते. तिने पिशवीतून इमली काढली, फोडली आणि निम्मी त्याच्या हातावर ठेवली.

सूर्यास्तापर्यंत थांबायचा बेत तिने रद्द केला. खाली उतरताना ती पुढे आणि तिच्या खांद्यावर त्याचा हात. "पायरी... अजून एक... आता सपाट." गाडीशी आल्यावर तिने हात पुढे केला. "किल्ली द्या."

दहा वर्षांपूर्वी ती हौसेने गाडी शिकली होती. पण शेजारी बसून त्याने इतक्या सूचना दिल्या की महिन्याभरात तिने नाद सोडला. परवाना तेवढा होता. त्याने दोनदा "अगं, पण घाट आहे" म्हटले. सकाळी हाच घाट आपण न दिसत्या डोळ्यांनी चढलो, हे बहुधा त्याच्याही लक्षात आले असावे, कारण तिसऱ्यांदा तो काही बोलला नाही. पहिल्या वळणावर गाडी बंद पडली. दुसऱ्या खेपेला सुरू झाली. धारपर्यंत तिच्या तळहातांना घाम होता.

बेटम्याच्या पुढे अंधार पडला आणि समोरच्या गाड्यांचे दिवे लागले. तिने विचारले, "हे कसे दिसतात तुम्हाला?"

"प्रत्येकाभोवती कडं दिसतं," तो म्हणाला. "चंद्राला खळं पडतं ना, तसं. आणि दोन गाड्या जवळ आल्या की सगळं एकच." सात महिन्यांत त्याने हे पहिल्यांदाच कुणाला सांगितले होते. मग इंदूर येईपर्यंत तो सांगतच राहिला: ऑफिसात सही कुठे करायची ते शिपायाला विचारावे लागते, जिन्याची शेवटची पायरी कळत नाही, तिची नवी निळी साडी त्याने राखाडी समजून नावाजली होती. मध्येच "गिअर बदल" असेही दोनदा म्हणाला. सवय ती सवय!

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया भाद्रपदात झाली. पट्टी निघाल्यावर त्याने पहिली तक्रार केली ती घराच्या भिंतींबद्दल. रंग इतका उडालाय, कुणी बोललं का नाही? वर्तमानपत्राचे खेळाचे पान आता तो स्वतः वाचतो. बाकीचे अजून तीच वाचते, आणि मधल्या बातम्या गाळल्या तर तो पकडतो.

डावा डोळा दिवाळीनंतर करायचा आहे. त्याआधी, सीताफळांच्या दिवसांत, आकाश मोकळे झाले की पुन्हा मांडूला जायचे ठरले आहे. गाडी कोण चालवणार, यावर मात्र अजून एकमत झालेले नाही.