भिंतीवरच्या रेघा

सकाळी सहाला पुण्यातल्या आमच्या पेठेत ठळक दिसतात ते दोनच दिवे. एक कोपऱ्यावरच्या अमृततुल्यचा, दुसरा गणेश मंडळाच्या पहिल्या मजल्यावरच्या हॉलचा. पहिल्याखाली आलं ठेचल्याचा आवाज. दुसऱ्याखाली, जिन्याच्या पायथ्याशी, चपला. डॉक्टरांनी सांगितल्यावर घेतलेल्या मऊ तळाच्या दोन-तीन जोड्या, कॉलेजातल्या मुलीचे फ्लोटर, एक झिजलेली कोल्हापुरी आणि भिंतीला टेकवून ठेवलेली काठी. काठी दिसली म्हणजे काका वर पोचले. आपण पावलं उचलायला हवीत.

हॉल मंडळाचाच. माळ्यावर ढोल, ताशे, लेझमांची पोती. भाद्रपदात दहा दिवस इथे प्रसादाचं काम चालतं, तेव्हा आमचा योगवर्ग बंद. एरवी रोज सकाळी सव्वासहा ते सव्वासात हा हॉल आमचा असतो. खिडकीलगतच्या कपाटात नीट घडी घातलेली ब्लँकेट्स, लाकडी विटा, सुती पट्टे, गोल लोड. एका भिंतीला कड्या आणि त्यांत ओवलेल्या दोऱ्या. कोपऱ्यात घडीच्या लोखंडी खुर्च्या, पाठीचा पत्रा काढून टाकलेल्या. पहिल्यांदा येणाऱ्याला हे सामान सुताराचं वाटतं की दवाखान्यातलं, ते कळत नाही.

मी आले तेव्हा मान धरली होती. दिवसाचे आठ-नऊ तास पडद्यासमोर बसायचं काम. त्याआधी महिनाभर दुसरीकडे एका चकचकीत जागी जाऊन पाहिलं होतं. तिथे तिन्ही भिंतींना आरसे होते आणि पहिल्याच दिवशी फॉर्मवर रकाना होता: तुमची पातळी कोणती? मी ‘प्राथमिक’वर खूण केली आणि महिनाभर त्या शब्दासारखीच मागच्या ओळीत उभी राहिले. इथे शिकवणाऱ्या ताई दारातच भेटल्या. साठीच्या पुढच्या, सलवार-कमीज, चष्म्याला दोरी. त्यांनी एवढंच विचारलं, “काय दुखतं?” मी मान दाखवली. त्यांनी मानेला हातही लावला नाही. “आधी पाय बघू,” म्हणाल्या.

पुढचे जवळजवळ तीन आठवडे आम्ही पायच बघितले. ताडासन म्हणजे उभं राहणं, त्यात शिकायचं काय, असं ज्याला वाटतं त्याने एकदा ताईंसमोर उभं राहावं. अंगठ्याच्या मुळाशी वजन आहे का? करंगळी जमिनीला लागते आहे की हवेत आहे? टाचेची आतली बाजू आणि बाहेरची बाजू सारखी दाबली जाते आहे का? मग गुडघ्याच्या वाट्या वर, मांड्या मागे, छाती वर. आणि हे सगळं करताना श्वास कोंडायचा नाही. माझा सगळा भार उजव्या टाचेवर होता. वर्षानुवर्षं मी एका पायावर उभी होते आणि मान बिचारी तो तोल सांभाळत होती. ताईंनी माझ्या डाव्या करंगळीवर आपला अंगठा टेकवला आणि म्हणाल्या, “ही बघ, ही आजवर कामालाच आली नव्हती.” त्या क्षणी तळव्याची कमान किंचित उचलली गेली आणि ती हालचाल पोटरीतून कमरेपर्यंत चढत गेलेली मला स्पष्ट जाणवली. माझ्या बाजूला काका उभे होते, एकाहत्तर वर्षांचे. पलीकडे ती कॉलेजची मुलगी, जी पाठीची सहज कमान करते. तिघांनाही तीच सूचना: करंगळी.

पतंजलींच्या योगसूत्रांत आसनाविषयी सूत्रं अवघी तीन आहेत. त्यांत स्थैर्य आहे, सुख आहे, प्रयत्न सैल होणं आहे. हात कुठवर पोचला, याचा उल्लेख नाही.

आणि पोचत नसेल तर? त्यासाठीच तर ते कपाट. पुण्यात हे सामान आलं योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांमुळे. कर्नाटकातल्या बेळ्ळूर गावी १९१८ साली, इन्फ्लुएंझाच्या साथीत जन्मलेला हा मुलगा हिवताप, विषमज्वर, क्षय असं सगळं भोगून कसाबसा वाढला. १९३७ साली डेक्कन जिमखान्यावर शिकवायला म्हणून पुण्यात आला, तो सहा महिन्यांच्या बोलीवर. ते सहा महिने २०१४ साली त्यांच्या निधनापर्यंत लांबले. मॉडेल कॉलनीतली त्यांची संस्था १९७५ सालची, पत्नी रमामणी यांच्या नावाची. जगभरातून लोक तिथे येतात. पण अय्यंगारांचं मला सर्वांत मोठं वाटणारं काम म्हणजे ही वीट आणि हा पट्टा. ज्याने स्वतः अशक्त, न वळणारं शरीर सोसलं, त्यालाच दुसऱ्याच्या आखडलेल्या शरीराशी इतक्या आदराने वागणं सुचलं असेल, असं मला वाटतं. त्रिकोणासनात काकांचा हात पोटरीच्या खाली उतरत नव्हता. ताई काही न बोलता गेल्या, घोट्याशी एकावर एक दोन विटा उभ्या ठेवल्या. काकांचा तळवा विटेवर टेकला. “टेकला की!” काका मोठ्याने म्हणाले. तेव्हा दोन होत्या, आता एक आहे. ती एक कायम राहिली तरी त्यांचं त्रिकोणासन पूर्णच आहे.

खिडकीच्या चौकटीजवळ भिंतीवर पेन्सिलच्या रेघा आहेत. घरात लेकरांची उंची मोजताना ओढतो तशा. त्या पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या वहिनींच्या आहेत. त्यांचा उजवा खांदा आखडला होता. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायची, जिथे थांबेल तिथे रेघ, शेजारी तारीख. पहिली रेघ छातीच्याही खाली आहे. त्यावर दुसरी, तिसरी. दोन रेघांमध्ये कधी तांदळाच्या दाण्याएवढं अंतर, कधी तेवढंही नाही. एक रेघ तर आधीच्या खाली आहे. ती श्रावणातली, पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी होत्या तेव्हाची. ताईंनी तीही ओढली, तारीख घातली आणि पुढच्या व्यक्तीकडे वळल्या. सातव्या महिन्यात वहिनी वर्गाला मोगऱ्याचा गजरा माळून आल्या. स्वतःच्या हाताने माळलेला. त्या दिवशी कुणी काही म्हटलं नाही, पण शवासनात हॉलभर मोगरा होता. मागच्या वर्षी उत्सवाआधी मंडळाच्या मुलांनी हॉलला रंग दिला. तेवढी वीतभर पट्टी त्यांनी जुन्याच रंगाची ठेवली आहे. त्यांना तसं कुणी सांगितलं नव्हतं.

सातला दिवे मालवतात. पाठीखाली घडीचं ब्लँकेट, डोळ्यांवर सुती पट्टी. शवासनात आमची पेठ कानाने कळते. दुधाच्या पिशव्यांचा क्रेट फरशीवर आपटतो. समोरच्या वाड्यात कुकरची पहिली शिट्टी. पहिली रिक्षा सुरू होता होत नाही. मग कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून आकाशवाणीच्या सकाळच्या बातम्या. हे आवाज मी जन्मापासून ऐकत आले; त्यांच्यामधली शांतता ऐकायला मात्र इथेच शिकले. शेजारी काकांचा श्वास लांब होत जातो, तिकडून कुणाचं तरी हलकं घोरणं येतं. ताई घोरणाऱ्याला उठवत नाहीत. “झोप येते म्हणजे गरज आहे,” असं त्यांचं म्हणणं. शेवटी त्या मंद आवाजात सांगतात: उजव्या कुशीवर वळा, घाई नको. त्यांच्या त्या ‘घाई नको’साठी मी दिवसभराच्या सगळ्या घाईला तयार असते.

जिना उतरल्यावर काका काठी घेतात, हातात. टेकवतात मात्र अमृततुल्यपाशी पोचल्यावरच. तिथे पाच-सहाजण चहाला थांबतात. वहिनी थांबत नाहीत, त्यांची कणीक वाट पाहत असते.

तुमच्याही भागात असा एखादा वर्ग असेल. शाळेच्या हॉलमध्ये, देवळाच्या सभामंडपात, सोसायटीच्या गच्चीवर. आपल्याला काही येत नाही म्हणून खालीच थांबला असाल तर तसे थांबू नका. पोट रिकामं ठेवून, सैल कपड्यांत जा, चपला जिन्याशी काढा, आणि काय दुखतं ते आधीच सांगा.