डॅशबोर्डमागचे फेरफार

जुन्या मोटारगाडीत नवा स्टीरिओ बसवल्यावर जी शिट्टी, जी खरखर किंवा जे आकस्मिक मौन अनुभवास येते, त्याचा आळ साहजिकच नव्या वस्तूवर जातो. कारण ती येण्यापूर्वी गाडी निमूट चालत होती आणि ती आल्यावर तक्रार सुरू झाली, एवढाच पुरावा मालकासमोर असतो. प्रत्यक्षात अशा बहुतेक तक्रारींचे मूळ गाडीत आधीपासून असते. विजेच्या दाबातील बारीक चढउतार दिव्याला किंवा हॉर्नला जाणवत नाहीत, ध्वनिवर्धकाला मात्र जाणवतात आणि तो ते मोठे करून ऐकवतो. त्यामुळे गाडीच्या वायरिंगचे वय आणि तिच्यावर वेळोवेळी झालेले उपचार ओळखण्याचे साधन म्हणून स्टीरिओकडे पाहिले, तर दोष शोधण्याचे काम निराळ्या अंगाने उलगडू लागते.

मारुती ८०० हे या दृष्टीने अभ्यासण्यासारखे उदाहरण आहे. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली आणि २०१४ च्या आरंभी उत्पादन थांबलेली ही गाडी महाराष्ट्रातील असंख्य मध्यमवर्गीय कुटुंबांची पहिली गाडी होती, आणि तिच्या बहुतेक मॉडेलांत संगीताची सोय कारखान्यातून येत नसल्याने ती करून घेणे हा गाडी दारात आल्यानंतरचा पहिला स्वतंत्र निर्णय असे. प्रस्तुत लेखकाच्या पिढीने घरच्या रेडिओसाठी टपाल कचेरीतून काढावा लागणारा परवाना पाहिला, १९८० च्या दशकात ती अट गेलेली पाहिली, आणि त्याच सुमारास स्वस्त कॅसेटींनी दुकाने भरून गेलेलीही पाहिली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेला डेक डॅशबोर्डच्या ज्या खाचेत बसे, ती जर्मन मानकावरून ‘डिन’ या नावाने ओळखली जाते. तिची रुंदी १८० मिलिमीटर आणि उंची ५० मिलिमीटर. हे माप टिकून राहिल्यामुळे वडिलांची नाट्यगीते वाजवणारा डेक, मुलाच्या कॉलेजच्या दिवसांतला सीडी प्लेअर आणि पुढे यूएसबी व ब्लूटूथचे यंत्र, असे सगळे त्याच एका खाचेतून आले आणि गेले. समोरचे यंत्र बदलले, तरी मागच्या तारा बहुधा तशाच राहिल्या. नव्या कारागिराने जुन्या तारा कापून त्यांना आपल्या तारा पिळल्या आणि वर काळी टेप गुंडाळली. सात-बाराच्या उताऱ्यावर फेरफाराच्या नोंदी साचत जाव्यात, तसे हे जोड साचत गेलेले असतात. फरक इतकाच की येथे कोणत्याही नोंदीवर तारीख नसते.

या तारांच्या रंगांना संकेत आहेत. नव्या यंत्राची पिवळी तार बॅटरीला कायमची जोडलेली असावी लागते, लाल तार चावी फिरवल्यावरच जिवंत होणाऱ्या जागी जोडायची असते, आणि काळी तार गाडीच्या पत्र्याला, म्हणजे अर्थला, जाते. यंत्र लागणारी मुख्य वीज पिवळ्या तारेतूनच ओढते आणि लाल तार केवळ चालू होण्याचा इशारा देते, ही गोष्ट अनेक कारागिरांच्याही ध्यानात नसते. या दोन तारांची अदलाबदल झाली तर गाणी व्यवस्थित वाजतात, परंतु चावी काढताच घड्याळ आणि साठवलेली केंद्रे पुसली जातात. लाल तारही कायमच्या विजेला जोडली, तर यंत्र चावी काढल्यावरही जागे राहते आणि रात्रंदिवस थोडी थोडी वीज ओढत राहते. ही ओढ पाव अँपिअर धरली, तरी या गाडीची साधारण ३५ अँपिअर-तासांची बॅटरी सहा दिवसांत पूर्ण रिकामी होईल. सेल्फ मात्र त्याच्या बऱ्याच आधी उचलेनासा होतो, आणि मग दोष बॅटरीच्या माथी मारून नवी बॅटरी विकत घेतली जाते. पिवळी तार छताच्या दिव्याच्या बारीक तारेवरून उचललेली असेल, तर आणखी एक गमतीदार लक्षण दिसते. आवाज वाढवल्यावर तबल्याच्या प्रत्येक दणक्याला विजेचा दाब खचतो आणि यंत्र बंद पडून पुन्हा सुरू होते.

स्पीकरच्या बाबतीत जुन्या आणि नव्या पद्धतींतील तफावत अधिक मूलगामी आहे. पूर्वीच्या अनेक रेडिओंमध्ये स्पीकरची एक तार थेट पत्र्याला जोडलेली असे, तर आजच्या बहुतेक यंत्रांत स्पीकरच्या दोन्ही तारांवर बॅटरीच्या जवळपास निम्मा दाब असतो आणि दोन वर्धक त्या दोन टोकांना परस्परविरुद्ध दिशांनी हलवतात. जुन्या स्पीकरची अर्थ केलेली तार तशीच ठेवून नवे यंत्र जोडले, तर ते स्वसंरक्षणासाठी मुके होते किंवा जळते. याच रचनेवरून खोक्यावर छापलेल्या वॅटच्या आकड्यांचीही पारख करता येते. १४.४ व्होल्टच्या विजेवर चार ओहमच्या स्पीकरला अशा वर्धकातून विकृतीविना मिळू शकणारी कमाल शक्ती गणिताने सुमारे २६ वॅट येते, आणि आतील गळती धरता ती त्याहूनही कमी भरते. खोक्यावरचे ‘५० वॅट गुणिले चार’ हे क्षणिक शिखराचे माप असते. त्यावर विश्वास ठेवून जुन्या स्पीकरांना नावे ठेवणे अन्यायाचे आहे. खर्जाचा आवाज अचानक पोकळ वाटू लागला, तर एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या गेल्या आहेत काय हे आधी पाहावे. सुट्या केलेल्या स्पीकरला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावला आणि त्याचा कागदी शंकू बाहेर सरकला, की सेलचे धन टोक ज्या टोकाला लागले ते धन, इतकी ती तपासणी सोपी आहे. दार उघडता-मिटताना आवाज येत-जात असेल, तर तार बिजागरीपाशी तुटलेली असते. त्यात शोधण्यासारखे फारसे काही नाही.

खरा कस लागतो तो शिट्टीपाशी. अल्टरनेटर प्रत्यावर्ती वीज निर्माण करतो आणि त्याच्यातील डायोड तिचे एकदिश विजेत रूपांतर करतात, परंतु त्या विजेवर एक बारीक लहर शिल्लक राहते. इंजिनाचा वेग वाढला की लहरीची वारंवारता वाढते, म्हणून स्पीकरमधील शिट्टी पायाखालच्या पॅडलबरोबर चढते व उतरते. इंजिनाच्या वेगाबरोबर टिकटिक वाढत असेल, तर ती स्पार्क प्लगच्या ठिणग्यांची असते आणि रोध असलेल्या प्लगच्या तारा बसवून किंवा इग्निशन कॉइलवर कंडेन्सर लावून ती कमी करता येते. गोंगाट कोठून शिरतो हे ठरवण्याची रीत साधी आहे. एरिअलची तार काढल्यावर तो थांबला, तर तो हवेतून येत होता. यूएसबीवरील गाणे चालू असतानाही तो राहिला, तर तो विजेच्या किंवा अर्थच्या वाटेने येतो.

यांपैकी अर्थची वाट सर्वांत दुर्लक्षित असते. बॅटरीकडून येणारी तार प्रत्येक जण तपासतो, फ्यूज पाहतो, टेस्टलॅम्प पेटवून समाधान पावतो. पण जितकी वीज यंत्रात येते तितकीच तिला परत जावे लागते, आणि परतीचा मार्ग पत्र्याचा असल्यामुळे तो असणारच असे गृहीत धरले जाते. कोकणातील खाऱ्या हवेत हा पत्रा बोल्टाखाली गंजतो, आणि घाटावर डेंटिंग-पेंटिंग झालेल्या गाडीत अर्थच्या बोल्टाखाली रंगाचा थर बसतो. रंग वीज वाहून नेत नाही; मग वीज मिळेल त्या आडवाटेने, एरिअलच्या आवरणातून किंवा डिकीतल्या वर्धकाकडे जाणाऱ्या आवाजाच्या तारेच्या जाळीतून, परतते आणि तिच्यावरची लहर गाण्यात मिसळते. गाडी चालू ठेवून, दिवे लावून, मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे यंत्राच्या पत्र्याला लावावे. काटा दोन दशांश व्होल्टच्या पुढे गेला, तर यंत्र बदलण्याचा विचार सोडून पॉलिश पेपर हाती घ्यावा. बाजारात शिट्टी गाळणारे फिल्टर मिळतात आणि त्यांचा उपयोगही होतो, तथापि गंजलेला बोल्ट तसाच ठेवून फिल्टर लावणे हे दुखणे झाकण्यासारखे आहे, आणि तोच बोल्ट पुढे हेडलाइटचा उजेडही मंदावतो.

प्रत्येकच दोष मात्र गाडीचा नसतो. जपानच्या बाजारासाठी बनवलेल्या जुन्या यंत्रांत एफएमचा पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झ असतो, आणि भारतातील खासगी केंद्रे त्यापुढे असल्यामुळे तारा कितीही नीट जोडल्या तरी अशा यंत्रात ती लागत नाहीत. अमेरिकेसाठी जुळवलेले यंत्र मध्यम लहरींवर दहा-दहा किलोहर्ट्झच्या पावलांनी सरकते, तर आपल्याकडील केंद्रे नऊ-नऊच्या पावलांवर मांडलेली आहेत. आकाशवाणीचे पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर आहे. असे यंत्र ७९० वर थांबते आणि निवेदकाचा आवाज फाटका, अस्पष्ट ऐकू येतो. पुष्कळ यंत्रांत प्रदेश निवडण्याची सोय असते, आणि ती हाताळण्याआधीच एरिअल बदलले जाते.

एवढे सगळे कळल्यावर शहाणपणाचा उपाय उघड दिसतो. बॅटरीपासून नवी जाड तार ओढावी, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत तिच्यावर फ्यूज बसवावा, अर्थसाठी पत्रा खरवडून स्वतंत्र बोल्ट घ्यावा, जोड पिळण्याऐवजी त्यांना डाख द्यावा आणि जुन्या मालकांनी उचललेल्या सर्व तारा काढून टाकाव्यात. पहिली चार कामे एका दुपारी होतात. पाचवे सहसा कोणी पूर्ण करत नाही; कारण टेपच्या त्या गाठोड्यातील कोणती तार मागच्या डेकची, कोणती कधीच्या काळी बसवलेल्या रिव्हर्स हॉर्नची आणि कोणत्या तारेवर छताचा दिवा अजून जळतो आहे, हे ती कापून पाहिल्याखेरीज समजत नाही.