नानांचा पत्रा

प्रत्येक मध्यमवर्गीय घरात एक तरी वस्तू अशी असते, की जी चालत नाही आणि टाकवतही नाही. कुणाकडे ते शिवणयंत्र असतं, कुणाकडे बाजाची पेटी असते, कुणाकडे धाकटे काका असतात. आमच्याकडे गाडी आहे. प्रीमियर पद्मिनी, मॉडेल १९८२, रंग मूळचा पांढरा. आमच्या नानांनी नंबर लावून, कर्ज काढून घेतलेली. नाना गेल्यावर सहा वर्षं ती ताडपत्रीखाली उभी होती. तिच्या टपावर लोणच्याच्या बरण्या उन्हाला ठेवता येत, एवढाच काय तो तिचा संसाराला हातभार.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. ती बातमी वाचून मला गहिवरून आलं. सकाळच्या पोह्यांवरच मी घोषणा केली, "आपली गाडी मी पुन्हा रस्त्यावर आणणार. आणि तीही स्वतःच्या हातांनी!"

"आधी मोरीतल्या नळाचा वायसर बदला," ही म्हणाली.

थोरामोठ्यांच्या चरित्रांत हा प्रसंग हमखास असतो. जग बदलायला निघालेल्या माणसाला घरून कुणीतरी वायसरची आठवण करून देतं. थोर माणसं तिकडे लक्ष देत नाहीत. मीही दिलं नाही.

ज्यांच्या नशिबी पद्मिनी आली नाही त्यांच्यासाठी थोडं कुलवृत्त सांगतो. ही मूळची इटलीची फियाट अकराशे. १९६४ पासून ती कुर्ल्याच्या कारखान्यात बनू लागली आणि १९७४ पासून चितोडच्या राणीचं नाव लावू लागली. इंजिन १०८९ सीसी, ताकद चाळीस घोड्यांची. आमच्या गाडीतले निम्मे घोडे आता पांजरपोळात असावेत. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, त्यामुळे पुढचं सीट सलग. त्यावर तीन मोठी माणसं, एक मूल आणि एक फणस आरामात मावे. २००० सालच्या सुमारास ती बनायची थांबली. तिचे जुने सुटे भाग शोधायला पुन्हा कुर्ल्यालाच जावं लागतं. म्हातारपणी दागिने माहेरीच मोडायला काढावेत, तशातला प्रकार!

बॉनेट उघडलं आणि आत गाडीपेक्षा नानाच जास्त दिसू लागले. "मिळत नसेल तर घरी करावं, आणि मिळत असेल तर किंमत विचारून घरी करावं," हे त्यांचं तत्त्व. गिअरच्या दांड्याचे बुश झिजले, तिथे निळ्या स्लिपरचं रबर कापून बसवलेलं. चोकची मूठ तुटली, तिथे कॅरमची सोंगटी. आणि पेट्रोलपंप व सायलेन्सरच्या मॅनिफोल्डमध्ये तेलाच्या डब्याचा कापलेला एक पत्रा. 'शुद्ध शेंगदाणा' ही अक्षरं त्यावर अजून वाचता येत होती, फक्त उलटी. पत्रा वेडावाकडा वाकलेला, गंजाने भोकं पडलेला.

नानांच्या या कारागिरीची मला लहानपणापासून लाज वाटत आलेली. मित्रांच्या वडिलांच्या गाड्यांतून नुसता धूर यायचा, आमच्या गाडीतून धूर आणि शेंगदाण्याचा वास दोन्ही. म्हणून मी ठरवलं, की घरी करायचं, पण शास्त्रशुद्ध. मोबाइलवर व्हिडिओ बघून, मोजमाप घेऊन.

आरंभ डायनामोपासून केला. जुन्या डायनामोचा स्वभाव सरकारी. गाडी पळत असेल तर वीज देणार, उभी राहिली की हात वर. सिग्नलला थांबलं की हेडलाइट समईसारखे मंद व्हायचे. त्याजागी दुसऱ्या एका छोट्या गाडीचा अल्टरनेटर आणला. पण तो बसवायचा कशावर? ब्रॅकेट घरीच करणं आलं. लग्नपत्रिकेचा जाड कागद कापून नमुना केला, नाना पेठेतल्या लेथवाल्याकडून लोखंडी पट्टीचं ब्रॅकेट करून घेतलं आणि बसवलं. गाडी चालू होताच फॅनबेल्टने अशी किंकाळी फोडली, की समोरच्या बंगल्यातले आजोबा काठी घेऊन बाहेर आले.

लेथवाल्याने एक डोळा मिटून पुली पाहिली. "साहेब, दोन सूत आत आहे."

दोन सूत म्हणजे पाव इंच. दुसरं ब्रॅकेट एक सूत बाहेर गेलं. तिसरं बरोबर बसलं. तोवर घरातल्या तीन लग्नपत्रिका खर्ची पडल्या होत्या आणि त्यांतलं एक लग्न अजून व्हायचं होतं.

मग स्लिपर जाऊन नायलॉनचे बुश आले. ते इतके घट्ट झाले, की पहिला गिअर टाकताना मला उभं राहावं लागे; महिनाभराने ते सैल पडले आणि गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडू लागला. शेवटी तो पत्रा. तो उपटून मी अडगळीत फेकला आणि ॲल्युमिनियमची छान पेटी तयार केली. पेट्रोलपंपाभोवती चारी बाजूंनी बंद, कडा घासलेल्या, कोपरे काटकोनात. बघत राहावं अशी! मी बराच वेळ बघतही राहिलो.

पुनर्नोंदणी, विमा, पर्यावरण कर हे सोपस्कार उरकले आणि मे २०२४ मध्ये आम्ही दोघं वाईच्या गणपतीला निघालो. भर दुपारी. खंबाटकी घाटाच्या अर्ध्यात गाडीला दोन उचक्या आल्या आणि ती थांबली.

रोग ओळखीचा होता. उष्णतेने पेट्रोलची पंपातच वाफ होते, आणि पंपाला पेट्रोल ढकलता येतं, वाफ ढकलता येत नाही. त्यावर ओलं फडकं ठेवायचं, हा घाटातला सनातन उपाय. मी पेटीचे सहा स्क्रू काढले, बोटं भाजून घेतली आणि हिच्या पंचाचं फडकं पंपावर ठेवून दगडावर बसलो.

"पण उष्णता अडवायलाच तर पेटी केली होती!" मी म्हणालो.

"वारा कुठून शिरणार तिच्यात?" ही म्हणाली. "नानांच्या पत्र्याला भोकं होती."

"ती गंजाची."

"गंजाची कशी असतील? सतरा भोकं पाडली होती त्यांनी. खिळ्याने. आपलं लग्न झालं त्याच्या पुढच्या मे महिन्यात. पंख्याचा वारा कसा आत यावा, म्हणून पत्रा किती वाकवायचा ते बघत तीन रविवार बसले होते. दर वेळी गाडी तापवायची, हात लावून बघायचं, पुन्हा काढायचा. मी टॉर्च धरला होता."

"आणि मी कुठे होतो?"

"झोपला होतात. रविवार होता ना!"

मी काही बोललो नाही. ट्रक वर चढत होते, फडक्यातून वाफा निघत होत्या. ज्या माणसाबरोबर मी आयुष्यभर एका घरात राहिलो, त्याचं डोकं कसं चालायचं हे मला कळलं नव्हतं. आणि जी मुलगी परक्या घरातून येऊन वर्षही झालं नव्हतं, तिला भोकांची संख्या पाठ होती. तिने एकच केलं होतं. टॉर्च धरला होता.

"त्यांनी मला का नाही बोलावलं?"

"बोलावलं होतं की," ती म्हणाली. "दोन हाका मारल्या होत्या."

अर्ध्या तासाने गाडी चालू झाली. गणपतीपुढे मी काय मागितलं ते सांगत नाही.

घरी आल्याबरोबर अडगळ उपसली. पत्रा सापडेना. मला घाम फुटला. हिने शांतपणे अंगणातली तुळशीची कुंडी तिरकी केली. खाली 'शुद्ध शेंगदाणा'!

"टाकवेना," ती म्हणाली. "गाडीत नाही तर नाही, म्हटलं इथे तरी राहू दे."

धुऊन, पुसून, उजेडाकडे धरून मी भोकं मोजली. सतरा. सगळी एका अंतरावर.

आता अल्टरनेटर माझा, बुश माझे आणि पत्रा नानांचा, अशी आमची संयुक्त गाडी आहे. गेल्या मे महिन्यात खंबाटकी तिने एका दमात चढली.

मोरीतला नळ मात्र अजून गळतो. निळ्या स्लिपरचा तुकडा मी जपून ठेवला आहे. त्याचा वायसर होईल असं हिचं मत आहे. येत्या रविवारी ती तो कापून बसवणार आहे. टॉर्च मी धरणार आहे.