बसलेला माणूस आधी

माणसाचं चित्र शिकायचं तर सुरुवात उभ्या माणसापासून करू नये. जालन्यात राहून गोष्टींसाठी, मुलांच्या पुस्तकांसाठी, दिवाळी अंकांसाठी चित्रं काढताना माझं हे मत पक्कं झालं आणि शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिल्यांदा तेच सांगतो. आपल्याकडचा माणूस दिवसाचा मोठा भाग जमिनीवर काढतो. भाकरी थापायला बसतो, शेंगा फोडायला बसतो, पारावर गप्पांना बसतो, एसटी यायला वेळ असला की पिशवी पुढ्यात घेऊन स्टँडच्या कडेला बसतो. गोष्टीतली माणसंही तिथंच असतात. आजी अंगणात ज्वारी निवडत होती, असं लेखक एका ओळीत लिहून पुढं जातो आणि ती आजी मला कागदावर आणायची असते. हात सोडून ताठ उभ्या राहिलेल्या आकृतीचा सराव तिथं फार पुरत नाही.

शाळेतून मुलं येतात ती उभी माणसं घेऊनच. एलिमेंट्री आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांमध्ये स्मरणचित्राचा विषय असतो. त्यात बाजार, विहीर, जत्रा असं काहीतरी येतं आणि मानवाकृती काढाव्या लागतात. मुलं एक बाजूनं दिसणारा आणि एक पाठमोरा माणूस पाठ करतात, त्यांनाच टोपी, फेटा, साडी चढवतात. परीक्षेपुरतं ते चालतं. पुढं हातात येतात ती बाहेरची पुस्तकं. अँड्र्यू लूमिसचं १९४३ सालचं आकृतिरेखाटनाचं पुस्तक आजही सगळीकडे वापरलं जातं आणि ते वापरावंच. आदर्श पुरुष आठ डोक्यांचा, प्रत्यक्षातला माणूस साडेसात डोक्यांच्या आसपास, हे माप एकदा हातात बसायलाच हवं. पण लूमिसची माणसं त्याच्या काळातल्या अमेरिकन मासिकांची आणि जाहिरातींची. ज्वारी निवडणारी आजी त्यात येणार नाही, यायचं कारणही नाही. ती आपल्यालाच काढावी लागते.

तिच्यासाठी मी मोसंबीच्या बाजारात जातो. हंगामात सकाळी तिथं ढीग पडतात आणि ढिगाच्या कडेनं निवडणारी माणसं उकिडवी बसलेली असतात. मोठा माल एकीकडे, बारीक एकीकडे, डागी वेगळा. हात भराभर चालतात, पण बैठक बराच वेळ तशीच राहते. शिकणाऱ्याला यापेक्षा चांगलं मॉडेल मिळणं अवघड आहे.

उकिडवी आकृती मी पायापासून काढतो, डोक्यापासून नाही. आधी दोन्ही टाचा आणि चवडे, म्हणजे जमीन ठरते. मग गुडघे. समोरून पाहिलं तर मांडीची लांबी जवळजवळ नाहीशी होते. गुडघा थेट आपल्याकडे येतो आणि त्याच्या मागं एकदम पोट दिसतं. नवशिक्याचा हात इथं हट्टानं मांडी लांब काढतो, कारण मांडी लांब असते हे त्याला ठाऊक असतं. ठाऊक असलेलं बाजूला ठेवून दिसतं तेवढंच काढणं, ही या विद्येतली सगळ्यात अवघड गोष्ट. मग पाठीचा बाक, आणि डोकं शेवटी. सगळी उंची जमिनीपासून चारेक डोक्यांत आटपते. डोक्याचं आणि धडाचं ओझं मिळून तळपायांच्या पट्ट्यात उतरायला हवं. ते टाचांच्या मागं गेलं की चित्रातला माणूस मागं कलंडतो, आणि चित्रकलेतलं काही न कळणाऱ्यालाही तो पडतोय हे लगेच कळतं. साडी असेल तर दोन गुडघ्यांमध्ये तिची झोळी पडते. सगळ्या चुण्या त्या दोन गुडघ्यांपासून निघतात, कारण कापड ताणलं गेलंय ते तिथंच. चुणी कुठून निघाली हे न पाहता ओढलेली रेघ फक्त कापडाची असते, तिच्या आत माणूस नसतो.

मोबाइलवर फोटो काढून घरी चित्र करण्याच्या मी विरोधात आहे, निदान शिकताना. जवळून घेतलेल्या फोटोत पुढचा गुडघा अवाच्या सवा मोठा येतो आणि मागचं डोकं लहान. डोळा तसं पाहत नाही. शिवाय फोटोत ओझं कळत नाही. ते समोर उभं राहूनच कळतं.

ओझ्याचं खरं शिक्षण मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात मिळतं. रिकाम्या हातानं एका पायावर भार देऊन उभ्या माणसाच्या गळ्याच्या खळीतून ओळंबा सोडला तर तो भाराच्या पायाच्या घोट्याशी येतो. हा नियम जगभर शिकवतात. पाठीवर पोतं आलं की माणूस आणि पोतं मिळून एक होतात आणि त्या दोघांचं मिळून वजन पावलांवर आणायला धड पुढं झुकतं, डोकं बोटांच्याही पुढं जातं. मी रेखाटत असताना एक हमाल दादा वही बघायला थांबले आणि म्हणाले, "पोतं पाठीवर दिसतंय भाऊ, पण उचलावं मांडीनं लागतंय." तेव्हापासून हमाल काढताना मी मांडीची रेघ सगळ्यात आधी आणि सगळ्यात जाड घेतो.

कापूस वेचणाऱ्या बाया बघाव्यात. सकाळी कमरेची ओटी रिकामी असते, तेव्हा बाई कमरेतून मोकळी वाकते. ओटी भरत जाते तसं वजन पोटापुढं लोंबतं आणि सरळ उभं राहताना पाठ मागं जाते, टाचा घट्ट रुततात. हा फरक कागदावर आला तर चित्रात सूर्य न काढताही किती वेचणी झाली ते वाचणाऱ्याला कळतं. गोष्टीचं चित्र याच कामासाठी असतं.

ही समज या मातीत नवी नाही. आमच्या जिल्ह्यातलं भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. १९३८ साली इटलीत पाँपेईच्या अवशेषांमध्ये एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. व्हेसुव्हियसचा उद्रेक इसवी सन ७९ चा, म्हणजे ती त्याआधीची. उंची जेमतेम २४ सेंटीमीटर. तिच्याशी जवळचं साम्य असलेलं हस्तिदंती काम पुढं भोकरदनच्या उत्खननात सापडलं आणि पाँपेईची मूर्तीही इथलीच असावी असं काही अभ्यासक मानतात. तिचे पाय बघा. एक पाय दुसऱ्यावरून टाकलेला, भार एकाच पायावर, आणि कंबर त्या भाराला साथ देते आहे. ज्यानं ती कोरली त्यानं माणसं निरखून पाहिली होती.

भोकरदनहून अजिंठा लांब नाही. मुलांना घेऊन गेलो की पहिल्या लेण्यात सगळे पद्मपाणीपुढं गर्दी करतात. तो अप्रतिम आहेच, पण मी मुलांना महाजनक जातकाच्या भिंतीकडे नेतो. तिथं राजा राणीशेजारी बसला आहे, भोवती दासी आहेत. बसलेलं अंग खाली कसं विसावतं ते तिथं शिकता येतं. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात पुरुषांचे पाच प्रकार मापांसह दिले आहेत, त्यातला हंस १०८ अंगुळांचा. पण त्याच ग्रंथात क्षयवृद्धीचाही विचार आहे: अंग वळलं की कुठला भाग आखडतो आणि कुठला वाढतो. मोसंबी निवडायला उकिडव्या बसलेल्या मावशीची नाहीशी झालेली मांडी म्हणजे क्षयच.

मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी तिथले शिक्षक ग्रिफिथ्स यांच्याबरोबर १८७२ पासून अजिंठ्याच्या नकला केल्या. त्याच शाळेत १८९० साली आलेले चित्रकार म. वि. धुरंधर तिथं ४१ वर्षं राहिले. आपल्या व्रतांच्या कहाण्यांचं इंग्रजी पुस्तक किंकेड या ब्रिटिश लेखकानं १९१४ साली काढलं, त्याची चित्रं धुरंधरांची. त्यांच्या पोस्टकार्डांवर मुंबईच्या रस्त्यावरची कष्टाची माणसं आहेत. पुढं दलाल आणि मुळगावकर या चित्रकारांनी मराठी घराघरात सुंदर माणसं पोचवली. मला दोघेही प्रिय आहेत. तरी शिकणाऱ्यानं आधी धुरंधरांकडे जावं, कारण त्यांच्या माणसांच्या पायाखाली जमीन असते.

चित्र शिकणाऱ्या मुलामुलींना एवढंच सांगतो. एक साधी वही आणि फोरबी पेन्सिल घ्या, खोडरबर घरी ठेवा. सकाळी बाजारात जा. मावशींना, दादांना आधी विचारा आणि त्यांच्या कामात आडवे येणार नाही अशा जागी बसा, तेही जमिनीवरच. चित्र झालं की ज्याचं काढलं त्याला दाखवल्याशिवाय निघू नका. पोतं बरोबर धरलंय की नाही, ते त्यांच्याइतकं नेमकं तुम्हाला कोणीच सांगणार नाही.