मुक्काम पोस्ट जावा ८

जावा ८ मार्च २०१४ मध्ये आली आणि पुण्यातल्या आमच्या कंपनीत मुक्कामालाच राहिली. मी तिथे रुजू झाले तोवर बाहेर जावा १७ येऊन गेली होती. काम कर्ज देणाऱ्या एका संस्थेच्या प्रणालीचं: हप्ते, व्याज, थकबाकी, ग्राहकांना जाणारी पत्रं. प्रणाली कुरकुर न करता चालायची. अपग्रेडचा विषय निघाला की आमचे मॅनेजर म्हणायचे, "चालतंय ना? मग हात कशाला लावायचा?"

याला निव्वळ आळस म्हणणं अन्यायाचं होईल. सप्टेंबर २०१७ मधल्या जावा ९ ने जेडीकेची आतली रचना मॉड्यूलांमध्ये विभागली. ११ मध्ये एक्सएमएल हाताळणारं जॅक्स-बी जेडीकेतून वगळलं गेलं, आणि आमची बँकांशी होणारी देवाणघेवाण बरीचशी एक्सएमएलमधूनच चालते. १७ ने तर जेडीकेच्या पोटात रिफ्लेक्शनने डोकावण्याची जुनी सवलतही काढून घेतली. आमच्या काही लायब्रऱ्या नेमक्या त्याच सवलतीवर जगत होत्या. वर पैशाचा प्रश्न होताच. क्लायंट नव्या फीचरचं बिल भरतो. 'आतून नवं केलं, बाहेरून काही बदललं नाही' अशा कामाचं बिल त्याच्यापुढे कोण ठेवणार?

पण आठवर राहिलेल्या माणसाची पंचाईत वेगळी. ऑफिसात तो जाणकार ठरतो आणि दुसरीकडे मुलाखतीला गेला की रेकॉर्ड आणि सील्ड क्लासच्या प्रश्नांवर अडखळतो.

म्हणून घरच्या लॅपटॉपवर टेमुरिन या वितरणाची जावा १७ उतरवली. कंपनीचा कोड घरी आणायचा नाही, हे आधीच ठरवलेलं. त्यामुळे हप्त्यांचा हिशोब कोऱ्या फाइलपासून, खोट्या ग्राहकांवर लिहायला घेतला. आठमध्ये तारीख, मुद्दल आणि व्याज एवढीच माहिती ठेवणारा साधा क्लाससुद्धा गेटर, इक्वल्स, हॅशकोड असं करत पानभर पसरतो. १६ पासून भाषेत पक्क्या झालेल्या रेकॉर्डमध्ये तो एका ओळीत मावतो. लांबलचक एसक्यूएल टेक्स्ट ब्लॉकमध्ये जशीच्या तशी चिकटवता येते. अवतरणचिन्हं आणि अधिकची चिन्हं जोडत बसावं लागत नाही. छोट्या गोष्टी जेशेलमध्ये टाइप करून लगेच पडताळता यायच्या. सवय इतकी लागली की दिवसा ऑफिसातही बोटं 'व्हार' लिहायची आणि आठचा कंपायलर लाल रेघ मारायचा.

या सगळ्यांत जिचं कौतुक सर्वांत कमी होतं ती गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. जुन्या जावात नल पॉइंटर एक्सेप्शन आलं की फक्त ओळीचा क्रमांक कळतो. त्या ओळीत ग्राहक, त्याचं खातं, खात्याची शाखा अशी साखळी असेल तर नल नेमकं कोण होतं, ते तुम्ही शोधा. जावा १५ पासून तो संदेश नेमक्या कडीचं नाव सांगतो. रात्री दोन वाजता प्रॉडक्शनचा लॉग उघडून बसलेल्या माणसाला याची किंमत विचारा.

हे सगळं डेमो करून दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि काहीही झालं नाही.

एक फट मात्र सापडली. नव्या जेडीकेच्या कंपायलरला 'रिलीज ८' असा पर्याय देता येतो; कोड आठचाच राहतो, बाहेर पडणारी फाइलही आठवर चालते. प्रॉडक्शनला धक्का न लावता बिल्ड सर्व्हर १७ वर गेला. जेडेप्स चालवून कुठली जार जेडीकेच्या आतल्या भागावर टेकलेली आहे, याची यादीही तयार झाली. तेव्हा ती कुणी मागितली नव्हती.

मागितली ती ऑडिटने. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या लायब्ररीतलं सुरक्षेचं भगदाड उघडं पडल्यापासून 'कुठली लायब्ररी, कुठली आवृत्ती, सपोर्ट कधीपर्यंत' हे प्रश्न क्लायंटच्या तक्त्यात कायमचे बसले होते. आमची प्रणाली ज्या फ्रेमवर्कवर उभी होती त्या स्प्रिंग बूट २.७ चा मोफत सपोर्ट नोव्हेंबर २०२३ मध्ये संपला, आणि स्प्रिंग बूट ३ ला किमान जावा १७ लागते. एक्सेलमधली एक ओळ लाल झाली. त्याच आठवड्यात मॅनेजरांनी स्वतः मीटिंग लावली, आणि आता खर्च क्लायंटच द्यायला तयार होता. रेकॉर्डचं सौंदर्य तिथे कुणाच्या तोंडी आलं नाही, येण्याचं कारणही नव्हतं.

स्प्रिंग बूट ३ साठी जावाएक्सची पॅकेजेस जकार्ता करणं हे कंटाळवाणं पण सरळ काम निघालं. खरी गंमत सप्टेंबरने केली. आमच्या तारखा ब्रिटिश इंग्रजीच्या लोकेलमध्ये छापल्या जातात. जावा तारखांची नावं युनिकोडच्या सीएलडीआर या संग्रहातून घेते, आणि जावा १६ पासून त्यातलं सप्टेंबरचं लघुरूप 'एसईपी' न राहता 'एसईपीटी' झालं. बाकी अकरा महिने सुरळीत. सप्टेंबरचा हप्ता असलेली टेस्ट तेवढी लाल. ती टेस्ट नसती तर ही चूक थेट बँकेला जाणाऱ्या फाइलमध्येच दिसली असती.

१७ प्रॉडक्शनला गेली. एक मॉड्यूल अजून आठवरच आहे, कारण पत्रं छापणाऱ्या जारचा सोर्स ती देणाऱ्या विक्रेत्याकडेही उरलेला नाही.

पुढचा प्रश्न व्हर्च्युअल थ्रेडचा. ते २०२३ च्या जावा २१ मध्ये पक्के झाले, आणि बँकेच्या उत्तराची वाट पाहण्यात वेळ घालवणाऱ्या आमच्या सेवेला उपयोगी पडण्यासारखे आहेत. पण २१ मध्ये सिंक्रोनाइज्ड ब्लॉकच्या आत थांबलेला व्हर्च्युअल थ्रेड खालचा खरा थ्रेडही अडवून ठेवतो. ही अडचण मार्च २०२५ च्या जावा २४ मध्ये दूर झाली, आणि आमच्या जुन्या कोडमध्ये सिंक्रोनाइज्ड जागोजागी आहे. त्यामुळे टीमचा वाद सध्या २१ की सप्टेंबर २०२५ ची २५, असा आहे. मॅनेजर थेट २५ वर जाऊ म्हणतात, आणि जेडेप्सची नवी यादी त्यांनी या वेळी आधीच मागवली आहे.