गड्ड्यातली भीती

संक्रांत आली की सोलापूरच्या होम मैदानावर सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते. नंदीध्वजांची मिरवणूक मोठ्यांची. आम्हा पोरांची यात्रा आकाशपाळण्यापाशी सुरू व्हायची.

वर चढताना काही वाटत नसे. खरी कसोटी टोकाला. खाली माणसं चढवण्यासाठी पाळणा थांबे, डबा अधांतरी डुलत राही आणि लोखंडाची कुरकुर स्पष्ट ऐकू येई. मग उतरताना पोटात गोळा. उतरत्या डब्यात बैठकीचा आधार क्षणभर कमी पडतो, म्हणून अंग हलकं होतं, हे पुढे शाळेत कळलं. कळूनही गोळा यायचा थांबला नाही.

मौत का कुआँ मात्र वेगळाच. तिथे आम्ही नुसते बघे, वरच्या कठड्याला चिकटलेले. मोटारसायकल उभ्या भिंतीवर चढली की फळ्या थरथरत आणि ती थरथर तळपायांतून वर येई. स्वार हात सोडून प्रेक्षकांच्या हातातली नोट टिपायचा. त्याला वर धरून ठेवणारा दोर नव्हता. वेगामुळे चाकं भिंतीवर दाबली जातात, त्या दाबातून घर्षण मिळतं. वेग घटला की आधार गेला. डोक्यावर हेल्मेटही नसे.

पाळण्यातली भीती आम्ही हौसेने विकत घेत होतो. त्या स्वाराचं घर भीतीवर चालत होतं. आता जत्रेत जाल, तर टाळ्या जरूर वाजवा. पण स्वाराच्या डोक्यावर हेल्मेट का नाही, हेही आयोजकांना विचारा.